साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी

नागपूरची मंडळी रविवारी सकाळी यायची होती. ती शनिवारीच दारात उभी राहिली.

दूधवाला असेल म्हणून प्रेमलता ओल्या हातांनीच दार उघडायला गेली, तर समोर मीनाक्षीताई. प्रवासाने चुरगळलेलं फिकट पातळ, खांद्यावर शाल आणि मागे पायरीवर वळकटी धरून ओशाळा झालेला गुरुदत्त. मुलीचा, उज्ज्वलाचा, होणारा नवरा.

"उद्याच्या गाडीचं रिझर्वेशन मिळेना," मीनाक्षीताई म्हणाल्या. "म्हटलं, एक दिवस आधी गेलं तर काय बिघडतं? तार केली होती. मिळाली ना?"

तार मिळाली नव्हती. ती दुपारी, जेवणं आटोपल्यावर मिळाली. पण प्रेमलता म्हणाली, "मिळाली की! या, आत या," आणि म्हणतानाच तिने मागे वळून बघितलं. कारण आतल्या खोलीत पलंगभर जटायूचे पंख पसरलेले होते आणि त्यांच्या मधोमध, दातांत दोरा धरून उज्ज्वलाचे वडील, माधवराव बसले होते. निसटलेली पिसं पुन्हा टाचत.

उज्ज्वलाने धावत जाऊन आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग पाहुण्यांसमोर येऊन, वाकून नमस्कार करून तिने विचारलं, "तुम्ही चहा खाणार ना?"

मीनाक्षीताई हसल्या. "कलकत्त्यात चहा खातात वाटतं?"

उज्ज्वला लाजली. जन्म भवानीपुरातला, शाळा-कॉलेज सगळं इथलंच. घाई झाली की तिच्या मराठीत बंगाली घुसायचंच. पण त्या हसण्याने प्रेमलताला जरा धीर आला. बाई वाईट नव्हती. फक्त एक दिवस आधी आली होती.

आणि तो एक दिवसच सगळा घोटाळा होता. जटायूचा प्रयोग खरं तर गेल्या शनिवारचा. बंद पुकारला गेला, ट्राम-बस काही चालेना, म्हणून तो आठवडाभर पुढे ढकलला. तेव्हा माधवरावांनी बोटांवर हिशेब करून म्हटलं होतं, "शनिवारी संध्याकाळी प्रयोग, रविवारी सकाळी मी स्टेशनावर, दुपारी साखरपुडा. जमेल." त्यांचं असं नेहमीच जमत आलं होतं.

लग्न होऊन प्रेमलता नागपूरहून या घरात आली, तेव्हा तिला नवऱ्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली घुंगरं सापडली होती. नाही नाही ते मनात आणून ती दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी माधवराव तिला घेऊन नाच बसवणाऱ्या सुचित्रादींच्या घरी तालमीला गेले. दिवाणखान्यातली खुर्च्या-टेबलं भिंतीला सारलेली, शाळामास्तर, डॉक्टरीणबाई, पोस्टातला कारकून असे सगळे अनवाणी उभे, आणि त्यांच्यात तिचा नवरा, दिवसभर पोर्टच्या ऑफिसात जहाजांची कागदपत्रं तपासणारा, डोळे मिटून पहिल्या ठेक्याची वाट बघत असलेला. त्या संध्याकाळी तिने जे पाहिलं त्यानंतर ट्रंकेतली घुंगरं तिने स्वतःच बाहेर काढली आणि देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली.

गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे त्याचं कुणाला नवलही नव्हतं. पण नागपूरला तिने कधी कुणाला सांगितलं नाही. माहेरी कुणी विचारलं तर "संध्याकाळी क्लबात जातात" एवढंच. नाचणाऱ्या नवऱ्यावर तिचा जीव होता. तो नाचतो हे सांगायला मात्र तिची जीभ कधी वळली नव्हती.

*

दहाच्या सुमाराला हावड्याहून दत्तात्रय आणि श्यामला आले. दत्तात्रय माधवरावांचे थोरले बंधू. वडील अवेळी गेले तेव्हा त्यांनी शाळा सोडून ओतकामाच्या कारखान्यात हात काळे केले आणि धाकट्याला बी.ए. केलं. आता हावड्यात त्यांची स्वतःची छोटी फाउंड्री होती. माधवराव त्यांच्यासमोर अजूनही खुर्चीत टेकून बसत नसत.

मीनाक्षीताईंना नमस्कार-चमत्कार करून दत्तात्रय सरळ स्वयंपाकघरात आले. भाऊ तिथेच होता, नारळ खोवत.

"आज जायचं नाही," ते दबक्या आवाजात म्हणाले.

माधवरावांनी खोवणं थांबवलं. "दादा, माझ्याऐवजी दुसरं कुणी नाही."

"नसेना. पोरीचा उद्या साखरपुडा आहे. ती बाई नागपूरची. तिच्या घरात बापाने कधी पायाने ठेका धरला नसेल. तिला कळलं की मुलीचा बाप तोंडाला रंग फासून, पिसं लावून नाचतो, तर आल्या पावली परत जाईल."

"सुचित्रादींना सांगून बघू का?" माधवरावांनी प्रेमलताकडे बघत विचारलं. तक्रार नव्हती त्या आवाजात. तिने म्हटलं असतं, नका जाऊ, तर ते गेले नसते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या त्या सगळ्या काळात त्यांनी एकदाही घुंगरं बांधली नव्हती, आणि त्याबद्दल नंतर एक अक्षर काढलं नव्हतं.

"तुम्ही जा," प्रेमलता म्हणाली.

"प्रेमा!" दत्तात्रय म्हणाले.

"भाऊजी, तिकडे पंधरा-वीस माणसं सहा महिने राबलीत. त्यांची संध्याकाळ आपण कशी मोडायची?"

दत्तात्रयांनी बायकोकडे पाहिलं. श्यामलावहिनी एरवी त्यांच्या शब्दाबाहेर नसत. पण आता त्या मान खाली घालून वाटाणे सोलत राहिल्या, आणि ते न बोलणं काही नवऱ्याच्या बाजूचं नव्हतं.

"ठीक आहे," ते अखेर म्हणाले. "पण मग तोंडं बंद ठेवा. ऑफिसात तातडीचं काम निघालं, असं मी सांगतो. उद्या अंगठी बोटात गेली की मग काय हवं ते करा."

माधवराव काहीतरी बोलायला गेले. पण समोर दादा होते. त्यांनी पुन्हा खोवणी पुढे ओढली. प्रेमलताही गप्प राहिली. नंतर तिला वाटलं, आपण नुसत्या गप्प राहिलो नाही, हो म्हटलं.

दुपारची जेवणं झाल्यावर पंखांचं बोचकं मागच्या जिन्याने उज्ज्वलाने खाली नेलं आणि माधवराव पुढच्या जिन्याने, ऑफिसचा कोट घालून, मीनाक्षीताईंना हात जोडून बाहेर पडले. कोटाची बाही ते उगीचच ओढत होते. खोटं त्यांना अंगात घालायला येत नव्हतं.

*

चहाच्या वेळेला मीनाक्षीताईंनी विचारलं, "व्याही आले नाहीत अजून?"

"बंदरात जहाज अडकलंय," दत्तात्रय म्हणाले. "मोठं लचांड आहे. त्याच्याशिवाय कुणाला समजत नाही."

"शनिवारी?"

"जहाजाला कुठला शनिवार?"

मीनाक्षीताईंनी बशीतला छेन्याचा संदेश तसाच ठेवला. खजुराच्या नव्या, नोलेन गुळाचा होता, प्रेमलताने मुद्दाम सकाळी ताजा आणवला होता. मग त्या म्हणाल्या, "राग मानू नका प्रेमलताबाई, पण एक विचारते. यांचं नेहमी असंच असतं का?"

"असं म्हणजे?"

"म्हणजे घरात कार्य निघालं की बाहेर काम निघतं." त्यांचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली आला. "गुरुदत्तचे वडील तसेच होते. बारशाला आले नाहीत. मुंजीला मांडवात घटकाभर बसले आणि उठले. माणूस वाईट नव्हता, देवाला ठाऊक. पण मी प्रत्येक फोटोत एकटी उभी आहे. मी ठरवलं होतं, सून करीन ती अशा घरातली करीन जिथे बाप घरात असतो. मुलगी तिथून शिकते ना, नवऱ्याकडून काय मागायचं ते."

गुरुदत्त कपाकडे बघत होता. दत्तात्रयांनी घसा साफ केला. "अहो, माधव तसा मुळीच नाही. आजच जरा..."

प्रेमलताने हातातली बशी खाली ठेवली. ज्या माणसाने घरातलं एक कार्य चुकवलं नाही, त्याला तिनेच, तिच्या गप्प बसण्याने, या बाईसमोर घराबाहेरचा नवरा करून ठेवला होता.

"ते ऑफिसात नाहीत," ती म्हणाली.

"प्रेमा," दत्तात्रय पुटपुटले.

"नाहीत, भाऊजी. मीनाक्षीताई, ते बेहाल्याला गेलेत. तिथे एका शाळेच्या सभागृहात आज नृत्यनाट्य आहे. त्यात ते नाचतात. आजचं नाही, लग्नाच्या आधीपासून नाचतात. हौस म्हणून. त्यातून काही मिळत नाही, गुडघे तेवढे सुजतात."

खालून ट्रामची घंटा ऐकू आली.

"हिच्या जन्माच्या वेळी त्यांचा प्रयोग होता," प्रेमलता बोलत राहिली; आता थांबलं तर पुन्हा सुरुवात करता येणार नाही असं तिला वाटत होतं. "निरोप पोचला तसे तोंडावरच्या रंगासकट हॉस्पिटलात आले. नर्स आत सोडेना, तिला वाटलं कुणी वेडा माणूस आहे. नळाखाली तोंड धुऊन आले आणि मुलीला हातात घेतलं. कानामागे निळा रंग तसाच होता. हिचं बारसं, हिच्या भावाची, विजयची मुंज, सासूबाईंचं आजारपण, प्रत्येक वेळी आधी घर आणि मग घुंगरं. सासूबाईंना ते स्वतः न्हाऊ घालायचे. दिल्लीला मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं होतं, तेव्हा विजयला टायफॉइड झाला, तर गेले नाहीत. आजही मी नका जाऊ म्हटलं असतं तर घरी बसले असते. मीच जा म्हटलं."

"मग लपवलंत कशाला?" मीनाक्षीताईंनी विचारलं. "लाज वाटते म्हणून?"

प्रेमलता म्हणाली, "मला कधी वाटली नाही. पण वाटते असं दाखवत आले. ते जास्त वाईट."

मीनाक्षीताई मुलाकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"हो," गुरुदत्त म्हणाला. "उज्ज्वलाने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. एस्प्लनेडला भेटलो होतो तेव्हा. ती म्हणाली, हे चालणार नसेल तर पुढे बोलायलाच नको."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तुला रुचणार नाही असं वाटलं."

"मला काय रुचतं ते मला विचारलंस का कधी?" त्या उठल्या. शाल खांद्यावर घेतली. प्रेमलताच्या मनात आलं, संपलं. आता या वळकटी बांधतील, खाली जातील.

"किती वाजता आहे ते?" मीनाक्षीताईंनी विचारलं.

"साडेसहाला," उज्ज्वला म्हणाली.

"मग बसून काय राहिलात? टॅक्सी मिळते ना इथे? मला काय बघायचंय ते मी बघते, मग बोलू."

श्यामलावहिनी केव्हाच पदर खोचून उभ्या होत्या. "मी येते," त्या म्हणाल्या. दत्तात्रयांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू भिंत बोलायला लागली आहे. "इतकी वर्षं झाली," श्यामलावहिनी नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला एकदा बघायचंच होतं."

पाहुण्यांना एकटं पाठवणं बरं दिसत नाही, असं म्हणत दत्तात्रयही चपला शोधू लागले.

*

सभागृह भरलेलं होतं. मागच्या रांगेत जागा झाली. प्रेमलताच्या एका बाजूला मीनाक्षीताई, पलीकडे टोकाला दत्तात्रय, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून, कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखे.

पडदा उघडला तेव्हा जटायू आधीच मंचावर होता. कड्यावर बसलेला. प्रेमलताने हे पंख शिवले होते, वाढवले होते, दुरुस्त केले होते. तरी पहिल्या क्षणी तिलाही तो कपड्यांचा वाटला नाही. सीतेला घेऊन रावण निघेपर्यंत त्या म्हाताऱ्या पक्ष्याने काहीच केलं नाही, फक्त मान. मान इतकी सावकाश वळली की तिच्यात पक्ष्याचं सगळं वय दिसलं. वारा कुठून येतो ते पाहणारी, ऐकू कमी येणारी, तरी सावध. मीनाक्षीताई खुर्चीत पुढे सरकल्या.

मग सीतेची हाक आली आणि तो उठला.

रावण झाला होता कॉलेजात शिकणारा एक दणकट तरुण. त्याच्या उड्यांनी फळ्या थरथरत. माधवरावांनी त्याच्याशी उड्यांची बरोबरी केली नाही. ते जमिनीला धरून नाचले. जिथे तो तीन पावलं टाकी तिथे ते एक टाकीत, पण ते पाऊल असं पडे की मृदंग त्याच्या मागून येतो आहे असं वाटावं. प्रेमलता इतकी वर्षं बघत आली होती. उमेदीतला नाच तिने पाहिला होता, जोराचा, लोकांना टाळ्या वाजवायला लावणारा. हा त्याहून वेगळा होता. यात फाजील काही उरलं नव्हतं. थकलेपण लपवायच्या ऐवजी त्यांनी ते पक्ष्याला देऊन टाकलं होतं.

एक पंख तुटला. म्हातारा एका पंखावर वळला, तोल गेला, सावरला, पुन्हा आडवा आला. श्यामलावहिनींनी प्रेमलताचा हात घट्ट धरला. दुसरा पंख तुटला. पक्षी उभ्याचा खाली आला, सगळ्या अंगाने, आधार न घेता. फळ्यांवर असा आवाज झाला की पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्या. मृदंग थांबला. तो पडून राहिला. हालचाल नाही, श्वासही दिसेना.

"माधव!"

सगळं सभागृह मागे वळलं. दत्तात्रय उभे होते. काठी खाली पडून घरंगळत गेली होती आणि त्यांचा हात पुढे पसरलेला होता, दूर चाललेल्या मुलाला बोलवावं तसा. "माधव, ऊठ रे!"

मंचावर, अगदी सावकाश, जटायूची मान उचलली गेली. ती हाकेमुळे उचलली गेली की नाचातच तशी होती, हे प्रेमलताला माहीत होतं, लोकांना नव्हतं. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. दत्तात्रय खाली बसले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसत राहिले.

मीनाक्षीताई समोरच बघत होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. जटायूने मरता मरता मान वळवून, सीतेला नेलं त्या दिशेला पाहिलं, तेव्हा त्या प्रेमलताच्या कानाशी म्हणाल्या, "मुलीकडे असं बघणारा बाप घरात नसतो, असं मी म्हणत होते."

*

रंगपटाची खोली म्हणजे शाळेचा एक वर्ग होता. बाकावर माधवराव बसले होते, पिसं उतरवलेली, अंगावर घामाने ओला बनियन, तोंडावर अर्धा पुसलेला राखाडी रंग. दारात विहीणबाईंना बघताच ते ताडकन उठले, टॉवेल शोधू लागले, तो सापडेना, म्हणून दोन्ही हात छातीवर घेऊन उभे राहिले.

"मी... म्हणजे ऑफिसात..." त्यांनी सुरुवात केली आणि मग दादांकडे बघून थांबले.

"जहाज सुटलं का?" मीनाक्षीताईंनी विचारलं.

सुचित्रादी मध्येच येऊन बंगालीत काहीतरी भराभरा म्हणाल्या आणि मीनाक्षीताईंच्या हातात कुणीतरी चहाचा कप ठेवला. त्यांनी तो घेतला.

"बसा," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी मला तुमच्या मुलीची ओटी भरायची आहे. तुम्ही ताठ उभे राहायला हवेत, फोटोत. आणि एक सांगते. लग्न नागपूरला होईल. आमच्याकडची माणसं विचारतील, मुलीचे वडील काय करतात? मी सांगणार आहे. पोर्टात आहेत, आणि नाचतात. तेव्हा तुम्हीही सगळ्यांना तेच सांगायचं." हे शेवटचं त्यांनी प्रेमलताकडे बघून म्हटलं.

"सांगेन," प्रेमलता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने पुसले नाहीत.

उज्ज्वला बापाला जाऊन बिलगली. तिच्या नव्या निळ्या साडीला राखाडी रंग लागला. गुरुदत्त टॉवेल घेऊन आला, तो कुणाला द्यावा हे न कळून तसाच उभा राहिला.

माधवराव बाकावर बसून पायातली घुंगरं सोडायला वाकले. घामाने गाठी आवळल्या होत्या, आणि नखं अजून रंगाने चिकट. गाठ सुटेना. प्रेमलता पुढे होणार तेवढ्यात दत्तात्रय आले. काठी त्यांनी भिंतीला टेकवली. मग एक हात बाकावर रेटून, हळूहळू, एक गुडघा टेकवून ते धाकट्या भावाच्या पायाशी खाली बसले.

माधवरावांनी पाय मागे ओढला. "दादा! पाय आहे माझा. तुम्ही काय..."

"हलू नकोस," दत्तात्रय म्हणाले.

ओतकामाने जाड झालेली, चरे पडलेली ती बोटं गाठीवर अडखळत राहिली. गाठ सुटली तशी घुंगरं एकदम खाली न सोडता त्यांनी ती तळहातावर घेतली, आणि मान वर न करता दुसऱ्या पायासाठी हात पुढे केला.